चुलीवरचं

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना हायवेच्या दोन्ही बाजूंना हल्ली थोड्या थोड्या अंतरावर एक तरी पाटी दिसतेच, चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ, आणि ती पाटी दिसली की गाडीतल्या सगळ्यांची जीभ चाळवते, माझीही चाळवायची. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आईला घेऊन गावाकडून पुण्याला येत होतो, दादा गाडी चालवत होता, मल्हारपेठ, उंब्रज करून हायवेला लागेपर्यंत अकरा वाजले आणि आईने सकाळपासून नुसता चहा घेतलेला, म्हणून अशाच एका हॉटेलला थांबलो. दाराशीच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी चूल मांडलेली, शेणाने सारवलेली, बाजूला रांगोळीसुद्धा, आणि तिथे एक बाई भाकऱ्या थापत बसली होती. नऊवारीची सवय नसणार तिला, पदर सारखा सावरत होती, वयाने माझ्यापेक्षा लहानच. लोक फोटो काढत होते. धूर सरळ तिच्या तोंडावर येत होता, ती मान फिरवायची, डोळे मिटायची, मनगटाने नाक पुसायची आणि परत पीठ ओढायची.

आई आमच्याबरोबर टेबलापर्यंत आलीच नाही. तिथेच खांब धरून उभी राहिली, कारण गाडीतून उतरून तेवढं चालल्यानेसुद्धा तिला धाप लागली होती. मग वाकून त्या बाईला म्हणाली, "वल्लं लाकूड हाय गं ते, आत ढोसू नगंस, बाजूला काढ, धूर कमी हुईल."

ती हसली. "हितं असलंच येतंय मावशी, काय करता."

आणि दोघी एकदमच खोकल्या.

तो खोकला मी लहानपणापासून ऐकत आले. सकाळी पाचला त्याच खोकल्याने मला जाग यायची, तो आणि बांगड्यांचा आवाज, आई उठली, चूल पेटली, आता चहा होईल. मला तो आईचा आवाजच वाटायचा, आजार कधी वाटलाच नाही. आमच्या वाडीत सगळ्याच बायका तशा खोकायच्या. हे आठवलं की अजून टोचतं मला.

पुण्यात छातीच्या डॉक्टरांनी आधी नेहमीचंच विचारलं. बिडी? तंबाखू? मिश्री? आईने मान हलवली, मिश्रीचं विचारल्यावर जरा रागच आला तिला. मग ते म्हणाले, "चूल किती वर्षं, मावशी?" गावाकडच्या दवाखान्यात दहा-बारा वर्षं आम्ही खोकल्याच्या बाटल्या नेत होतो, कधी इंजेक्शन, कधी 'दमा आहे, थंड खाऊ नका', पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि आम्हालाही कधी सुचला नव्हता. आई बोटांवर हिशेब करायला लागली. तिची आई धाकट्या मामाच्या वेळी बाळंतीण झाली तेव्हापासून, म्हणजे नऊ-दहा वर्षांची असल्यापासून. आता ६३. मधे कधी खंड? तर म्हणाली, खंड कसला, माहेरपणाला गेलं तरी भावजयीला मदत म्हणून चुलीपुढंच बसायचं.

मग फुंकायची टेस्ट. नाकाला चिमटा लावतात, तोंडात पुठ्ठ्याची नळी देतात, पूर्ण श्वास घ्यायचा आणि जोरात फुंकायचं, फुंकत राहायचं, निदान सहा सेकंद. मशीनवरची मुलगी चांगली होती, "फुंका फुंका फुंका, अजून अजून, सोडू नका" असं ओरडून ओरडून जोर देत होती, पण आई तिसऱ्या सेकंदालाच संपली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. पावसाळ्यात ओल्या लाकडाला लोखंडी फुंकणीने फुंकर घालून घालून जिने पन्नास वर्षं जाळ केला, त्याच माझ्या आईला सहा सेकंद फुंकता येईना, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती जणू परीक्षेत नापास झाली.

रिपोर्टवर सीओपीडी आलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, श्वासनळ्या आतून सुजून जाड होतात, वाट अरुंद होते, फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटत जातात, मग आत गेलेली हवा पूर्ण बाहेर येत नाही आणि नवीन श्वासाला जागाच उरत नाही. दम्यात औषधाने नळ्या बऱ्याच मोकळ्या होतात, यात गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळायचं. दादाने विचारलं, "म्हणजे बिडी ओढणाऱ्यांना होतो तोच?" तर हो, तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सीओपीडीने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास चौथा हिस्सा घरातल्या धुराचा आहे. पण बिडीवाल्याला निदान सगळे सांगतात की सोड. आईला कोण सांगणार होतं स्वयंपाक सोड म्हणून?

आमचं घर कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या वर डोंगराच्या अंगाला. जून ते सप्टेंबर पाऊस उघडत नाही. जुन्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, भिंतीत एक झरोका आणि वर कौलं, धुराने जायचं ते कौलांच्या फटीतून. चूल मातीची, तिला एक वैल, पुढे भाकरीचा तवा आणि वैलावर आमटी नाहीतर दूध. चुलीच्या वरच्या माळ्यावर लाकडं सुकायला ठेवलेली असायची, बियाण्याची मक्याची कणसं टांगलेली असायची, धुराने कीड लागत नाही म्हणून. जुनी माणसं म्हणतात धुराने वासे टिकतात, आणि ते खरंच आहे, आमच्या आढ्याला वाळवीने कधी हात लावला नाही. म्हणून धुराबद्दल कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. धूर म्हणजे घरात रांधलं जातंय, घर नांदतंय.

लाकूड नीट, पूर्ण जळलं तर खरं तर फार धूर व्हायला नको, पण घरच्या चुलीत ते कधीच पूर्ण जळत नाही. लाकूड ओलं असलं की बरीच आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, वर आपण चुलीचं तोंड गच्च भरतो म्हणजे हवा मिळत नाही, मग ते जळण्याऐवजी धुमसतं आणि त्या धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड आणि बारीक काजळी बाहेर पडते. शेणी आणि पाचट तर त्याहून वाईट. त्या काजळीतले अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात, ते आपल्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट बारीक असतात, नाकातल्या केसांना सापडत नाहीत, घशात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात आणि त्यातले सगळ्यात बारीक तर रक्तातसुद्धा उतरतात. म्हणून हा नुसता छातीचा विषय राहत नाही, हार्ट अटॅक, पक्षाघात, फुफ्फुसाचा कॅन्सर, अगदी मोतीबिंदूपर्यंत जातो. आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं ५४ व्या वर्षी झाली. तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं.

आणि चुलीपुढे आई एकटी कधी नसायचीच. थंडीत आम्ही पोरं तिथेच बसून अभ्यास करायचो, कंदिलापेक्षा चुलीचा उजेड बरा. तान्हं बाळ मांडीवर. माझ्या पाठचा भाऊ सात महिन्यांचा असताना गेला, छाती भरली, पोट उडायला लागलं, 'डबा झाला' म्हणाले (लहान मुलाची छाती भरण्याला गावात तसंच म्हणतात), पोटावर डाग दिले, आणि पाटणला न्यायचं ठरेपर्यंत संपलं होतं सगळं. ऐन पावसाळा होता. तो धुरामुळेच गेला असं मी म्हणत नाही, त्याचं कारण आता कुणीच सांगू शकणार नाही. पण घरात असा धूर असेल तर लहान मुलाला न्यूमोनियासारखा आजार व्हायचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं घरातल्या धुराने गेली, त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुलं, हाही तिचाच आकडा. हे वाचलं त्या रात्री मला तो पावसाळा आठवत राहिला, बाकी काही नाही.

आईच्या निदानानंतर मी एक छोटं हवेचं मीटर घेतलं, हातात मावणारं, पीएम २.५ दाखवणारं, म्हणजे घनमीटरभर हवेत ते कण किती मायक्रोग्रॅम आहेत ते. पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये साधारण ४०-५० दाखवायचं, हिवाळ्यात ट्रॅफिकच्या वेळी शंभराच्या पुढे, आणि त्यावर सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा, कुठला प्युरिफायर चांगला, मुलांना खेळायला खाली सोडायचं की नाही. ती काळजी खोटी नाही, आपल्या देशाने ठरवलेली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची तर १५ च. ते मीटर मी गावाला नेलं आणि सकाळी सहाला वहिनी चूल पेटवत असताना आई बसायची त्या पाटावर ठेवलं. आकडे असे पळायला लागले की मला वाटलं बिघडलं. तीनशे, सहाशे, मग ९९९ वर जाऊन थांबलं, त्याच्यापुढे त्या मशीनला मोजताच येत नाही. माझा भाचा चौथीत आहे, तो म्हणाला, "आत्या, पैकीच्या पैकी पडले." भाकऱ्या होईपर्यंत ते ९९९ वरून हललं नाही. अंगणात नेऊन ठेवलं, पाच-दहा मिनिटांत ७० च्या खाली आलं.

म्हणजे अंगणात बसून दादा चहा पीत होता ती हवा वेगळी आणि चार पावलांवर वहिनी बसली होती ती वेगळी. एकाच घरात.

कर्क स्मिथ नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होते, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते गुजरातमधल्या चार गावांत गेले आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच धूर मोजायची यंत्रं लावली. तोपर्यंत हवेचं प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी आणि शहरातल्या मोटारी, असंच सगळे धरून चालायचे. त्यांनी पुढे आयुष्यभर एकच मुद्दा लावून धरला, की धूर किती सुटला एवढं बघून चालत नाही, तो कुणाच्या नाकापाशी सुटला ते बघा. उंच चिमणीतून सुटलेला धूर पसरतो, विरतो, त्यातला फार थोडा भाग कुणाच्या छातीत जातो. चुलीचा धूर हातभर अंतरावर असतो. २०२० मध्ये ते गेले. हे मी वाचलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल खरंच कृतज्ञता वाटली, कुणीतरी आईच्या पाटावर मशीन ठेवायचा विचार चाळीस वर्षांपूर्वी केला होता.

बरं, हा धूर घरातच राहतो असंही नाही. जानेवारीच्या सकाळी आमच्या वाडीवरून खाली बघितलं तर खोऱ्यात धुराचा एक निळसर थर आडवा पडलेला दिसतो, अगदी पट्टीने आखल्यासारखा, कारण थंडीत गार हवा खाली बसते, वर जरा गरम हवेचं झाकण असतं आणि धूर त्याखाली कोंडून राहतो. लहानपणी मी त्याला धुकं समजायचे. खाली कराडच्या बाजूला ऊसतोडीचा हंगाम असतो, पाचट पेटवलेलं असतं, त्याची काळी राख उडत उडत वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. (तेच पाचट सरीत पसरून ठेवलं तर खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर परत फुटणाऱ्या उसाला, ओल राहते, तण कमी येतं, खत होतं, हे आता बरेच शेतकरी करतात, दादाच्या सासऱ्यांनी तर पाच-सहा वर्षं काडी लावलेली नाही.) २०१५ सालच्या हवेचा एक मोठा अभ्यास पुढे २०१८ मध्ये आला, त्यात असं निघालं की देशातल्या पीएम २.५ ने होणाऱ्या मृत्यूंमध्ये घरोघरच्या लाकूड-शेणीच्या धुराचा वाटा पावभर, जवळपास २५ टक्के, कोळशाच्या किंवा गाड्यांच्या धुरापेक्षाही जास्त. हा नुसता बाहेरच्या हवेत मिसळलेल्या धुराचा हिशेब, चुलीपुढे बसून घेतलेला वेगळाच. तरी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला तो शहरांसाठी. मीटर शहरात, फलक शहरात, पाणी मारणाऱ्या गाड्या शहरात. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं, चांगलंच झालं, त्या भट्टीपुढे रात्रभर उभ्या राहणाऱ्या कामगाराचंही भलं होईल. पण आमच्या वाडीत हवा मोजायला आजवर कुणी आलं नाही, माझं दीड-दोन हजारांचं मीटर सोडून.

उपाय झाले नाहीत असं मी म्हणणार नाही, तो अन्याय होईल. मी सहावी-सातवीत असताना निर्धूर चूल आली होती आमच्याकडे. १९८३ च्या सुमाराला केंद्र सरकारने ती योजना काढली, २००२ पर्यंत चालली, साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या देशभर. सिमेंटचा पाइप कौलातून बाहेर काढलेला, सुरुवातीला खरंच धूर कमी झाला, आई फार खूश होती, शेजारच्या बायका बघायला यायच्या. मग पाइपात काजळी साठली. ती महिन्या-दोन महिन्यांनी झाडायची असते हे बसवणाऱ्यांनी सांगितलं असेल-नसेल, कौलावर चढून ती झाडणार कोण, पुरुषांना ते काम आपलं वाटलं नाही. मोठं भांडं त्या तोंडावर बसायचं नाही म्हणून आईने कोयत्याने तोंड जरा मोठं केलं, मग धूर पुढूनच यायला लागला, दुसऱ्या पावसाळ्यात पाइपाशेजारून गळायला लागलं आणि दादांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, तो उपटून बंद केला. अशीच गोष्ट पुढे ओडिशातल्या गावांत चार वर्षं लक्ष ठेवून केलेल्या एका अभ्यासात निघाली, पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला, नंतर फरकच राहिला नाही, कारण चुली दुरुस्त ठेवल्या गेल्या नाहीत. वाचताना वाटलं आमच्याच घराबद्दल लिहिलंय.

मग गॅस आला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियाला सुरू झाली, आणि आठ कोटींचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याकडे औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यक्रमात पुरा झाला. आमच्या वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात आता शेगडी आहे. पण शेगडी असणं आणि त्यावर रोजचा स्वयंपाक होणं यात फार अंतर आहे. आमच्याकडे शेगडीवर कितीतरी वर्षं नुसता चहा व्हायचा, आणि पाहुणे आले की पोहे. बाकी दिवस शेगडीवर प्लास्टिकचा कागद झाकलेला. आई म्हणायची, "गॅस संपंल की." २०२२-२३ मध्ये सिलेंडर अकराशेच्या वर गेला तेव्हा तर तो कोपऱ्यात बसूनच होता. उज्ज्वलावाल्यांना आधी २०० रुपये, मग ३०० रुपये सबसिडी मिळायला लागली, नंतर भावही उतरले, आणि त्याचा परिणामही दिसतो, या योजनेतलं घर २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलेंडर घ्यायचं, २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास घेत होतं. पण पाच-सहा माणसांच्या घराला साडेचार सिलेंडर वर्षाला कसे पुरतील? उरलेले दिवस चूलच. शिवाय आमच्याकडे गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच येते, तिथून भरलेला सिलेंडर खांद्यावर चढवायचा, आणि सरपण मात्र फुकट. फुकट म्हणजे बायकांनी रानात जाऊन मोळी बांधायची, डोक्यावरून आणायची, फोडायची, सुकवायची, ते धरून फुकट.

मला इथेच खरं दुखणं वाटतं. मोबाईलचा रिचार्ज संपला तर त्याच दिवशी होतो. ट्रॅक्टरच्या डिझेलला घरात कुणी नाही म्हणत नाही. सिलेंडर संपला तर आठ दिवस, पंधरा दिवस, "बघू बाजारच्या दिवशी". दादा वाईट माणूस नाही, आईला घेऊन तोच पुण्याच्या फेऱ्या मारतो, आईच्या इन्हेलरचे महिन्याचे पैसे तोच देतो, एकदाही कुरकुर नाही. पण आईचा श्वास आणि सिलेंडर ही दोन नावं त्याच्या डोक्यात एका वहीत कधी आलीच नव्हती. आणि माझं काय, मी सुद्धा दिवाळीला निघताना फोन करून सांगायचे, आई, चुलीवरची नाचणीची भाकरी कर हां, गॅसवरच्या भाकरीला ती चव नाही. ती करायची. खोकत करायची.

डॉक्टरांकडून परत गेल्यावर रात्री जेवणं झाल्यावर मी आणि दादा बसलो आणि वहीत खरंच मांडलं. इन्हेलर, तपासण्या, पुण्याच्या खेपा, आणि समोर सिलेंडर. सिलेंडर स्वस्त पडत होता. पण चूल तेवढ्याने बंद झाली नाही, कारण वहिनीने शांतपणे सांगितलं की सर्वात जास्त लाकूड भाकरीला लागतच नाही, अंघोळीच्या पाण्याला लागतं. सकाळी सात माणसांचं पाणी, मग गुरांचं आंबोण, मग एखाद दिवशी भात उकडायचा. पाण्याचा बंब आधी मागच्या पडवीत होता आणि पडवीचा सगळा धूर स्वयंपाकघरात. इतकी वर्षं सगळे चूल-भाकरी, चूल-भाकरी म्हणत होते आणि ही गोष्ट फक्त वहिनीला माहीत होती, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग कामं त्या क्रमाने केली. छपरावर सोलर बसवला अंघोळीच्या पाण्यासाठी, पावसाळ्यात तो कामाचा नाही म्हणून न्हाणीत एक छोटा गिझर. कोयनेचं पाणी आमच्या डोळ्यांसमोरून डोंगरातून पोफळीला उतरतं आणि कोयना प्रकल्पाची वीजघरं चालवतं, सगळी मिळून १९६० मेगावॅटची, त्यातली थोडी वीज आमच्या अंघोळीला लागली तर ती बरीच म्हणायची. भरलेले सिलेंडर कायम दोन, एक संपला त्याच दिवशी दादा नंबर लावतो, लाइटबिलासारखं. भिंत फोडून स्वयंपाकघराला खिडकी पाडली. चूल मोडली नाही, आईला ते सहन झालं नसतं, ती अंगणात पत्र्याच्या शेडखाली मांडली, चारी बाजूंनी मोकळी, आंबोणाला आणि सणावाराच्या मोठ्या स्वयंपाकाला. तिच्यासाठी फक्त सुकलेली लाकडं, बारीक फोडलेली, झाकून ठेवलेली, आणि एका वेळी तोंडात थोडीच घालायची. हे शेवटचं तर आई पहिल्यापासून सांगत होती. वाडीतल्या एका घरी दोन म्हशी आहेत, त्यांनी गोबरगॅस घातलाय, शेण आणि पाणी सारखं कालवून सकाळी ओतलं की दोन वेळचा स्वयंपाक निघतो आणि मागून स्लरी शेताला, आमच्याकडे एकच गाय म्हणून ते जमलं नाही.

मीटर परत पाटावर ठेवलं. गॅसवर भाकऱ्या चालू असताना ३५ ते ६०, मिरचीची फोडणी पडली तेव्हा एकदम दोनशेच्या वर आणि खिडकी असल्यामुळे थोड्या वेळात खाली. रात्री झोपायच्या खोलीत मात्र चांगलंच चढलं, मला कळेना काय झालं, तर भाच्याच्या उशाशी डासांची कॉइल. एक कॉइल जळून जेवढे बारीक कण सोडते तेवढे ७५ ते १३७ सिगरेटी सोडतात असं २००३ मध्येच मोजून ठेवलेलं आहे, मला ते त्या रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी आणली.

आईची छाती बरी झाली का? नाही. ती व्हायची नाहीच. पण मागच्या पावसाळ्यात एकदाही ॲडमिट करावं लागलं नाही, आधीच्या वर्षी दोनदा लागलं होतं. उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत न थांबता जाते. काही अभ्यास तर मन खट्टू करणारे आहेत, भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा अशा चार देशांत ३२०० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना गॅस देऊन बघितला, त्यांच्या श्वासातला धूर खूप कमी झाला, तरी जन्मलेल्या बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही. मला यातून एवढंच वाटतं की बाई गरोदर राहिल्यावर शेगडी देऊन भागत नाही, ती पोर नऊ वर्षांची असताना पाटावर बसते तिथपासून सुरुवात हवी, आणि एका घरात गॅस आला तरी शेजारच्या दहा घरांचा धूर खिडकीतून येतोच. आमच्याकडेही येतो. उलट खिडकी पाडल्यापासून जास्त कळतो.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. शेजारच्या घरात नवी सून आलीय, पाचवा महिना आहे तिला. पहाटे तिचा खोकला ऐकू येतो, म्हणाली, आपल्या भिंतीपर्यंत. सिलेंडर त्यांच्याकडे दिवाळीपासून रिकामा पडलाय. आई स्वतः काठी टेकत गेली आणि आमचा जास्तीचा सिलेंडर दादाला तिकडे पोचवायला लावला, पण सासू म्हणते, आमच्या सगळ्या बाळंतपणांत आम्ही चुलीपुढंच होतो, आम्हाला काय झालं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्या काय म्हणणार, माझा दमच पुरंना बोलायला." जरा थांबली, श्वास घेतला. "तू येताना ती तुझी मशीन घिऊन ये. त्यांच्यात सकाळी सकाळी पाटावर ठिऊ. पोरीच्या सासऱ्याला तिथं बसवायचं, आकडा वाचायला."

रविवारी निघतेय. पहाटे पाचच्या आत पोचायचं म्हणजे इथून रात्रीच निघावं लागेल, मीटर चार्जिंगला लावलंय.